डार्बी घराण्याची भट्टी आणि त्यांचा पूल: चाळीस मिनिटांत न दिसणारं

इंग्लंडमधला आयर्न ब्रिज, म्हणजे बिडाचा जुना पूल, बघायला २०१५ मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा टूरच्या बसने आम्हाला पुलाशी सोडलं आणि चाळीस मिनिटांत परत या म्हणून सांगितलं. पुलावर फोटो काढले, खाली सेव्हर्न नदी पाहिली, उरलेला वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. दीड-दोन किलोमीटरवर या पुलाची आई, म्हणजे कोलब्रुकडेलची लोखंडाची भट्टी, अजून उभी आहे हे कुणी सांगितलंच नाही. बस निघाल्यावर मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्याशा पुलासाठी इतक्या लांब आणलं?" मला ते फार लागलं.

लागण्याचं कारण सांगते. माझं लग्न झालं ते घर बिडाच्या ओतकामाचं. सासऱ्यांनी कारखाना काढला, पुढे माझे मिस्टर आणि थोरले दीर तो बघायचे. मी जमाखर्च लिहायचे. मिस्टर सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, दिरांची प्रकृती तोळामासा, पुतण्या तेव्हा दहावीत. त्यानंतर नऊ वर्षं कारखाना मी चालवला. मुठीत दाबून वाळूचा ओलावा ओळखायला शिकले, हातोडीने वाजवून कास्टिंगमधला तडा ऐकायला शिकले. त्यामुळे त्या चाळीस मिनिटांत सगळे नदीकडे बघत होते आणि मी पुलाचे जोड बघत होते. बघून पुरे झालं नव्हतं.

यंदा मुलीकडे बर्मिंगहॅमला गेले तेव्हा तिला म्हटलं, मला तुझा एक अख्खा दिवस दे. सकाळी रेल्वेने टेलफर्ड सेंट्रल, तिथून पुढे कोलब्रुकडेल. हा अभिप्राय त्या दिवसाचा.

आधी क्रमाबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेक लोक पुलापासून सुरुवात करतात आणि पाय दुखले की भट्टी सोडून देतात. उलट करा. भट्टी आधी, मग संग्रहालय, मग टेकडीवरची डार्बींची घरं आणि दफनभूमी, आणि सर्वांत शेवटी पूल. हे घराणं त्याच क्रमाने वाढलं. पूल ही तिसऱ्या पिढीची गोष्ट आहे. पहिल्या दोन पिढ्या वगळून ती कळत नाही.

जुनी भट्टी एका उंच त्रिकोणी छपराखाली आहे. आत शिरल्यावर मी बराच वेळ बोलले नाही. विटांचं तोंड, त्यावर बिडाच्या आडव्या तुळया, आणि एका तुळईवर कोरलेलं नाही तर ओतलेलं नाव: अब्राहम डार्बी, १७७७. हे नाव तिसऱ्या अब्राहमचं. त्याने भट्टी मोठी करून घेतली तेव्हाचं. पण जागा आजोबांची.

आजोबा, म्हणजे पहिला अब्राहम डार्बी, १६७८ चा. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा. उमेदवारी केली बर्मिंगहॅमला, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायच्या चक्क्या बनवणाऱ्याकडे. माल्ट वाळवायला त्या काळी कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, वापरत, दगडी कोळशाच्या धुराने धान्याला वास लागू नये म्हणून. पुढे तो ब्रिस्टॉलला पितळेच्या धंद्यात गेला, आणि वाळूच्या साच्यात बिडाची पोटफुगी भांडी ओतायची युक्ती बसवून १७०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी असं भांडं मातीच्या साच्यात ओतत, एका भांड्याला एक साचा, सगळा वेळ साचा करण्यात आणि वाळवण्यात जायचा. वाळूत लाकडी पॅटर्न, म्हणजे भांड्याच्या आकाराचा नमुना, दाबला की काम झालं, पॅटर्न पुन्हा वापरायला मोकळा. आपला बिडाचा तवा याच वाटेने घराघरांत पोचलेला आहे. धंद्यातल्या माणसाला या एका पेटंटचं मोल लगेच कळतं.

कोलब्रुकडेलची मोडकळीस आलेली भट्टी त्याने भाड्याने घेतली आणि १७०९ मध्ये तिच्यात कोक जाळून लोखंड काढलं. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. भट्टीसमोर उभं राहून मी मुलीला जे सांगितलं ते असं. लोणारी कोळसा ठिसूळ असतो. वरून खनिजाचं आणि चुनखडीचं ओझं पडलं की त्याचा चुरा होतो, चुरा झाला की भात्याचा झोत वर चढत नाही. म्हणून लोणारी कोळशाची भट्टी एका मर्यादेपलीकडे उंच करता येत नाही. शिवाय कोळशासाठी झाडं लागतात, ती तोडली की पुन्हा वाढेपर्यंत वर्षं जातात. दगडी कोळसा तसाच टाकावा तर त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि तापलेलं लोखंड घणाखाली फुटतं. कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला की गंधक बरंच कमी होतं, आणि कोक ओझ्याखाली टिकतो. कोलब्रुकडेलच्या कोळशात मुळातच गंधक कमी होतं, हेही त्याच्या पथ्यावर पडलं. कोकवर निघालेल्या लोखंडात सिलिकॉन जास्त उतरतं, त्यामुळे रस पातळ वाहतो आणि पातळ कडेच्या भांड्यात कोपऱ्यापर्यंत भरतो. म्हणजे भांड्यांचं पेटंट आणि कोकचं लोखंड हे एकाच माणसाच्या हातात एकमेकांसाठीच आल्यासारखे होते.

मुलगी म्हणाली, "आई, इथे भिंतीवर लिहिलंय त्यापेक्षा तू नीट सांगतेस." तिथले फलक चांगले आहेत, सोप्या भाषेत आहेत. माझ्याकडे फक्त नऊ वर्षांची राख होती.

आता जे सांगायला हे सगळं लिहिते आहे ते. १७१७ मध्ये पहिला अब्राहम गेला. वय एकोणचाळीस. वर्षभरात त्याची बायको मेरीही गेली. मुलगा, दुसरा अब्राहम, सहा वर्षांचा होता. हिस्से गहाण पडलेले. धंदा टिकला तो जावई रिचर्ड फोर्ड आणि ब्रिस्टॉलचे भागीदार गोल्डनी यांच्यामुळे. त्यांच्याच काळात, १७२० च्या दशकात, न्यूकोमेनच्या वाफेच्या एंजिनांसाठी बिडाची सिलिंडरं ओतायला सुरुवात झाली. आधी ती पितळेची असत, फार महाग पडत. दुसरा अब्राहम मोठा होऊन कामाला लागला आणि १७३८ मध्ये भागीदार झाला. त्याने पुढचा प्रश्न सोडवला: कोकच्या भट्टीतलं लोखंड भांड्यांना चाले, पण घडीव लोखंड करायला लोहारशाळांना चालत नसे. ते चालेल असं लोखंड त्याने काढून दाखवलं, आणि १७५५ मध्ये हॉर्सहेला नवी भट्टी पेटवली. १७६३ मध्ये तोही गेला. तिसरा अब्राहम तेव्हा तेरा वर्षांचाही नव्हता. पुन्हा तेच. या वेळी त्याचा मेहुणा रिचर्ड रेनॉल्ड्स याने पाच वर्षं कारभार पाहिला. लाकडी रुळांच्या जागी बिडाचे रूळ १७६७ मध्ये ओतले गेले ते त्याच्याच कारकिर्दीत. १७६८ मध्ये अठराव्या वर्षी तिसऱ्याने सूत्रं हाती घेतली, पूल उभा केला, आणि १७८९ मध्ये चाळिशी न गाठताच गेला.

तीन पिढ्या, तीन अब्राहम, आणि दोनदा मधली जागा रिकामी. धंदा बुडतो तो या रिकाम्या जागेत बुडतो, हे ज्यांच्या घरात कारखाना आहे त्यांना सांगावं लागत नाही. बँकेचा माणूस त्याच महिन्यात येतो. जुनं गिऱ्हाईक "आता कोण बघणार?" असं विचारतं आणि उत्तराची वाट न पाहता दुसरीकडे ऑर्डर देतं. डार्बींची भट्टी विझली नाही, कारण मधल्या काळात ज्यांचं नाव भट्टीच्या तुळईवर नाही अशांनी ती पेटती ठेवली.

त्यात बायका होत्या. दुसऱ्या अब्राहमची बायको अबाया ही क्वेकरांची उपदेशक, प्रवचनं करत दूरदूर फिरलेली. सासरे आणि नवरा यांनी काय केलं, कोक कसा वापरात आला, लोहारशाळांसाठी लोखंड कसं निघालं, हे तिने उतारवयात एका पत्रात लिहून ठेवलं. घराण्याचा हा इतिहास आपल्यापर्यंत पोचला त्यात त्या पत्राचा वाटा फार मोठा आहे. सासऱ्यांना तिने कधी पाहिलेलंही नव्हतं, ते गेले तेव्हा ती तान्ही होती. घरात ऐकलेलं तिने जपलं. तिसरा अब्राहम गेल्यावर त्याची विधवा रिबेका, बहीण सारा आणि भावजय डेबोरा यांच्याकडे कंपनीतले मोठे हिस्से होते आणि निर्णयांतही त्या होत्या.

आमच्या कारखान्याच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव आणि पुढे "आणि सन्स" होतं. त्या नऊ वर्षांत ती पाटी बदलावी असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण कोलब्रुकडेलला जाणाऱ्या प्रत्येकाने अब्राहम एक, दोन, तीन असे मोजताना मधल्या माणसांचीही नावं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. फोर्ड, गोल्डनी, रेनॉल्ड्स, अबाया, सारा, रिबेका, डेबोरा. मी वहीत लिहून आणली.

संग्रहालय १८३८ च्या मोठ्या कोठारात आहे. इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा बिडाच्या आहेत, आत शिरण्याआधी बाहेरून बघून घ्या. आत तीन पायांची जुनी भांडी पाहिली तिथे मी सर्वांत जास्त रेंगाळले. त्यांच्या कडा इतक्या पातळ आहेत की आमच्या मोल्डरांना दाखवाव्याशा वाटल्या. एकोणिसाव्या शतकातली शोभेची कामं मात्र माझ्या मनात फारशी भरली नाहीत. शिकारी कुत्र्यांनी तोलून धरलेलं बिडाचं टेबल आहे, १८५५ चं, जॉन बेल यांच्या रचनेचं. कोअर, म्हणजे साच्यात पोकळी ठेवणारा गाभा, बसवण्याचं कौशल्य त्यात अफाट आहे, पण वस्तू म्हणून मला ते जड वाटलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच कारखान्याने भव्य दारं ओतली होती, ती आता केन्सिंग्टन गार्डन्सपाशी आहेत. कारखाना तेव्हा जगभर नावाजलेला होता. शेवटी तिथे आगा नावाच्या स्वयंपाकशेगड्यांचे भाग ओतले जात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओतकाम थांबलं. तीनशे वर्षांहून जास्त. हे वाचून मी खाली बसले. भट्टी बंद होते त्या संध्याकाळी कारखान्यात जी शांतता असते ती मला माहीत आहे.

डार्बींची घरं वर चढावर आहेत. गुडघे दुखत असतील तर सावकाश जा, वाट चांगलीच चढी आहे. त्याच्याही वर क्वेकरांची दफनभूमी. क्वेकर लोक थडग्याचा थाट करत नाहीत, लहान साधे दगड असतात. तिसरा अब्राहम इथेच आहे. ज्याने जगातला पहिला मोठा लोखंडी पूल उभा केला त्याच्या वाट्याला लोखंडाची एक पट्टीही नाही. आम्ही दोघी तिथे डबा उघडून बसलो आणि खाली झाडीत दडलेली दरी पाहिली.

दुपारी तीनला पुलाशी आलो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो राखाडी होता. २०१७-१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा जुन्या थरांखाली मूळ रंग सापडला आणि आता पूल गडद तांबूस आहे. मला हा रंग जास्त आवडला. राखाडीत तो आभाळात विरून जायचा, आता अंगाने पुढे येतो.

पुलावरून चालायला पैसे पडत नाहीत. एके काळी पडत. दक्षिण टोकाच्या टोलघरावर दरांचा फलक आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सैनिक असो, टपालगाडी असो की राजघराणं, टोल सर्वांना. या पुलासाठी १७७६ मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला होता. वाहनं १९३४ मध्ये बंद झाली, पादचाऱ्यांचा टोल १९५० पर्यंत चालू होता.

पुलावर उभं राहून दिसतं ते थोडंच आहे. खाली उतरा, कमानीच्या पोटाखाली जा. पाच फासळ्या एकमेकींशेजारी, प्रत्येक फासळी दोन अर्ध्यांची. गाळा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर, साडेतीस मीटरच्या आसपास. एकूण सुमारे ३७८ टन बीड, सतराशेच्या आसपास वेगवेगळे भाग. रचना श्रूजबरीचे वास्तुरचनाकार थॉमस फार्नॉल्स प्रिचर्ड यांची. पण ते डिसेंबर १७७७ मध्ये वारले, त्यांना पूल दिसला नाही. १७७९ च्या उन्हाळ्यात फासळ्या उभ्या राहिल्या, १ जानेवारी १७८१ ला वाहतूक सुरू झाली.

आता जोड बघा. एवढा मोठा लोखंडी सांगाडा आधी कुणी उभा केलेलाच नव्हता, तेव्हा जोडायचं कसं याचा नमुना नव्हता. त्यांनी सुताराकडून उसनं घेतलं. एका भागाला खाच, दुसऱ्याला तिच्यात शिरणारं टोक, कुठे डव्हटेल, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारखा रुंदावणारा जोड, आणि सगळं घट्ट करायला पाचरी. लाकडाचे जोड बिडात ओतले आहेत. मी कितीतरी जोड जवळून पाहिले, एकही दुसऱ्यासारखा नाही. घरी आल्यावर वाचलं की तपशीलवार मोजमापं झाली तेव्हा हेच आढळलं. एकसारखे दिसणारे भाग प्रत्यक्षात थोडे थोडे वेगळे आहेत, जागेवर बसतील असे एकेक करून ओतलेले. हे वाचून मला पुलाबद्दलचा आदर दुपटीने वाढला. आमच्याकडे एक भाग नाकारला गेला तरी आठवडा कोलमडायचा.

आणि आकार कमानीचाच का, हे त्या बसमधल्या गृहस्थांना सांगायला हवं होतं. बीड दाबाला प्रचंड ताकदीचं, ताणाला मात्र काचेसारखं फुटतं. सरळ तुळई टाकली तर तिचा खालचा भाग ताणला जातो. कमानीत सगळं ओझं दाबाचं होऊन दोन्ही काठांत उतरतं. ज्या धातूत खोट आहे त्याच्या खोटीला कामच पडू नये अशी ही रचना. फेब्रुवारी १७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरचे पूल मोडले, खचले. याला काही झालं नाही, कारण कमान पोकळ, पाणी आरपार गेलं. पुलाला खरा त्रास दिला तो काठांनी. दोन्हीकडची जमीन नदीकडे सरकते आणि कमान चिमटीत सापडल्यासारखी दाबली जाते. काही भागांना तडे आहेत, त्यांवर लोखंडी पट्टे बांधले आहेत, खालून नीट दिसतात. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घालून दोन्ही काठ एकमेकांपासून रोखून धरले. तडे लपवले नाहीत हे मला फार बरं वाटलं.

पुलाने तिसऱ्या अब्राहमला काय दिलं? अंदाजापेक्षा खर्च बराच वर गेला, वरचा बोजा त्याने उचलला आणि उरलेलं आयुष्य कर्जात काढलं. धंद्याच्या नजरेने हा तोट्याचा सौदा. तरी माझं मत विचाराल तर त्याने बरोबर केलं. सिलिंडरं आणि भांडी ओतणाऱ्या घराण्याला बांधकामही जमतं, हे दाखवायला दुसरा मार्ग नव्हता.

कुणी जावं? ज्यांच्या घरात कारखाना, वर्कशॉप, फॅब्रिकेशनचं शेड आहे त्यांनी नक्की जावं, आणि पुढची पिढी बरोबर न्यावी. इंजिनिअरिंगच्या मुलांनी जावं. पूर्ण दिवस हातात नसेल, फक्त पुलाशेजारी उभं राहून फोटो हवा असेल, तर मी जाऊ नका म्हणेन. ती चाळीस मिनिटं मी एकदा दिली आहेत. चांगल्या तळव्यांचे बूट घाला, कमानीखालची वाट ओलसर असते. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून फासळ्यांवर पडतं तेव्हा जोड सर्वांत स्पष्ट दिसतात.

निघण्याआधी पुतण्याला एका जोडाचा फोटो पाठवला. आता कारखाना तोच बघतो. त्याने लगेच फोन केला. पूल कसा आहे वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "काकू, ही अर्धी फासळी अखंड ओतलीये का? लांबी किती?"

म्हटलं, एकवीस मीटरच्या आसपास. उघड्या वाळूत, वरून साचा न झाकता.

"मग श्रिंकेज?"

बीड थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं, पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. एकवीस मीटरला एकवीस सेंटिमीटर. आम्ही दोघांनीही एकदमच हिशेब केला. तो म्हणाला, "बाप रे, वीतभर." मी फासळीवर हाताची वीत पसरली, मुलीने फोटो काढला, आणि तो त्याला पाठवला.